माझी साडी, तिचं तोंड

सानिकानं माझा निळा कोट घातला. डोक्याला माझ्यासारखा रुमाल बांधला. हातात माझा पोचा घेतला. आणि वर्गाच्या मधोमध येऊन ती मी झाली.

मी समोर बसले होते. खुर्चीवर. त्या कॉलेजात खुर्चीवर बसायची माझी पहिलीच वेळ. मॅडमनी स्वतः हाताला धरून बसवलं होतं. "मावशी, आज झाडूपोचा नाही. आज तुम्ही पाहुण्या." मी कडेला टेकले होते, अर्धी. पूर्ण बसले तर खुर्ची मळेल असं वाटत होतं. सकाळी ती मीच पुसली होती.

सानिका वाकली. एक पाय ओढत चालायला लागली. माझा उजवा पाय जरासा ओढला जातो. बांधकामावर असताना त्याच्यावर फळी पडली होती. मला वाटायचं, कुणाला दिसत नाही. मी फार जपून चालायचे. तिला दिसलं होतं. सगळ्यांनाच दिसलं होतं, कारण तिनं पाय ओढला तशी सगळी पोरं एकदम हसली.

"हो मॅडम. झालं मॅडम. करते मॅडम." मान खाली, दात बाहेर. एक पोरगा टेबलावर हात आपटायला लागला. "अबे, सेम टू सेम!"

मॅडम हसल्या नाहीत. मॅडम कधी अशा गोष्टीला हसायच्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हसू नका. हा टाइमपास नाही. दुसऱ्याच्या जागी उभं राहिल्याशिवाय त्याच्यासाठी काही घडवता येत नाही. याला समानुभूती म्हणतात." मग माझ्याकडं वळल्या. "मावशी, तुम्ही सांगा. जमतंय का तिला?"

आणि मी सांगितलं.

उठले मी. म्हणाले, "खांदा अजून खाली पाहिजे. पोचा असा नाही धरायचा, असा." तिच्या हाताला हात लावून दाखवलं. पाय कसा ओढायचा तेही दाखवलं. माझी नक्कल तिला जमेना म्हणून मी माझीच नक्कल करून दाखवली. ती पुन्हा चालली. आता हुबेहूब जमलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या.

मग त्यांनी पिवळ्या चिठ्ठ्या काढल्या. पाठीमागं डिंक असलेल्या, भिंतीला चिकटतात त्या. मॅडम म्हणाल्या, मावशींना पाहून एका शब्दात, दोन शब्दांत काय वाटलं ते लिहा. सगळ्यांनी लिहिलं आणि भिंतीवर चिकटवलं. मला कुणी चिठ्ठी दिली नाही. त्यांना वाटलं, मला लिहिता-वाचता येत नसणार. सहावीपर्यंत शिकले आहे मी. पेपर वाचते.

भिंतीवर लिहिलं होतं: साधी. समाधानी. भित्री. हात खरखरीत. फिनाईलचा वास. कृतज्ञ. आणि एकीवर, सुंदर अक्षरात: प्रश्न विचारत नाही.

सगळे गेल्यावर मी चिठ्ठ्या काढायला हात लावला. मॅडम दारातून म्हणाल्या, "राहू द्या मावशी. ज्युरीपर्यंत भिंतीवर राहू द्या. आपलं संशोधन आहे ते."

ज्युरी म्हणजे बाहेरची मोठी माणसं येऊन पोरांचं काम तपासतात तो दिवस. त्याला बरेच दिवस होते. तोवर रोज त्या भिंतीखालचा केर मी काढला. मान खाली घालून. फिनाईल टाकून.

*

मी इकडची नाही. माझं गाव मंगळवेढ्याकडं, म्हणजे नागपुरापासून महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला. नवरा पुलाच्या कामावर आला, त्याच्या मागून मी आले. पूल झाला. ठेकेदार पुढं रायपूरला गेला, नवरा त्याच्याबरोबर गेला. म्हणाला, खोली बघतो आणि बोलावतो. अजून बघतोय. त्याचा एक शर्ट तेवढा माझ्याकडं राहिला. पोरगी गावाकडं, माझ्या आईजवळ.

मग मी ठिय्यावर उभी राहायला लागले. ठिय्या म्हणजे चौकातली जागा. सकाळी मजूर तिथं येऊन थांबतात, ठेकेदार गाडीवरून येतो, बोट दाखवतो, "तू, तू आणि तू. दोन रेजा." रेजा म्हणजे आम्ही, विटा-वाळू वाहणाऱ्या बाया. बोट आपल्याकडं आलं तर त्या दिवशी चूल. नाही आलं तर दुपारपर्यंत उभं राहायचं आणि परत जायचं. साडीवर नवऱ्याचा शर्ट चढवायचा, डोक्यावर टॉवेल. सकाळपासून पाणी प्यायचं नाही. कारण चौकात बायांना जायला जागा नाही.

पंचफुलाबाई मला तिथंच भेटली. ती भिवापूरकडची. मिरचीचे देठ खुडून खुडून हात जळले म्हणून शहरात आली, असं सांगायची. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यात उभी होते, तर म्हणाली, "तिथी कोन पाहीन तुले? अशी समोर ये. काम मांगाले आली का लपाले?" माझ्या बोलण्याला हसायची. "काय वं, 'मला' म्हंते थे. मले म्हन, मले!" पण भाकरी मोडून द्यायची. तिच्या सासूनं नागपुरात दीक्षा घेतली होती, छपन्नला. त्या गोष्टीचा तिला फार ताठा. घरात भिंतीवर कोटातला फोटो, त्याच्याखाली घासून पुसून ठेवलेला पितळी गिलास. त्या गिलासात ती मला पाणी द्यायची. आमच्या गावात आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं होती. गिलासाचं मला कळायचं. 

मॅडम ठिय्यावर पहिल्यांदा आल्या त्या पाहणी करायला. पोरांना घेऊन. मला विचारलं, शिक्षण किती? मी घाबरत सांगितलं. पाय कशानं ओढता? तेही सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी मला कॉलेजात सफाईच्या कामाला लावलं.

हे मी खोटं बोलणार नाही. त्या बाईनं मला उन्हातून सावलीत नेलं. डोक्यावर पंखा. बायांचा संडास, त्याला आतून कडी. त्या कडीसाठी मी मॅडमच्या पाया पडले असते. पडलेच एकदा. त्या मागं सरकल्या, "अहो मावशी, काय हे!" मॅडम पन्नाशीच्या. मी चौतीसची. मावशी मी.

तिथनं पुढं मला रोज भीती. मॅडमचा चेहरा उतरलेला दिसला की पुसलेली फरशी मी पुन्हा पुसायचे. माझंच काही चुकलं असणार. फोन वाजला की, आता काढून टाकतील. सुट्टी कधी मागितली नाही. ताप आला तरी गेले. उपकार खोटा असता तर फेकून दिला असता. तो खरा होता, म्हणून घशात अडकला.

*

मॅडमचा वर्ग मोठा नावाजलेला. लोकसहभागाचा. डिझाइन शिकणारी पोरं, सरकारी धोरणं शिकणारी पोरं, इंजिनिअरिंगची, वकिलीची, समाजकार्याची, सगळी एका लांब टेबलाशी बसायची. पूर्वी म्हणे ही सगळी वेगळं वेगळं शिकायची. मॅडम म्हणायच्या, विषयांच्या मधल्या भिंती पाडायच्या आहेत. भिंती मी पण पाडल्यात, घण घेऊन. भिंत पाडायच्या आधी मलबा कुठं टाकायचा ते ठरवावं लागतं. तेवढं त्या टेबलावर कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

त्या वर्षी त्यांनी आमचा ठिय्याचा चौक घेतला. चौक सुंदर करायचा. आणि तोही लोकांना विचारून.

मला किती आनंद झाला! मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुमच्या बायकांना घेऊन या. त्यांनाच ठरवू द्या." मी धावत ठिय्यावर गेले. पंचफुलाबाई म्हणाली, "आमाले काहून बलावलं? पोचा मारायले?" मी म्हणाले, "नाही गं, विचारायला. आपल्याला विचारणार आहेत." तिनं डोक्यावरचा टॉवेल सोडून पुन्हा बांधला. मग म्हणाली, "बरं बाप्पा. विचारू दे. आजपावतर ठेकेदारानंच विचारलं, चालते का म्हनून."

काम न मिळालेल्या दिवशी दुपारी सात-आठ जणी आल्या. मी त्यांना चपला बाहेर काढायला लावल्या. आत पोरं बूट घालून बसली होती. तरी मी काढायला लावल्या. बायांनी पायानं फरशी चाचपली. एक म्हणाली, "थंडी हाय वं."

टेबलावर रंगीत ठोकळे होते. लाल, हिरवे, निळे. चौकाचा नकाशा. तुमच्या स्वप्नातला चौक मांडा म्हणाले. पंचफुलाबाईनं ठोकळा उचलून पाहिला, "असे माह्या नातवाजवळ हायेत." मग बाया मांडायला लागल्या. निळा ठोकळा म्हणजे नळ. हिरवा म्हणजे सावली. लाल ठोकळा बराच वेळ कुणी उचलेना. मग पंचफुलाबाईनंच तो जिथं आम्ही उभ्या राहतो त्याच्या बाजूला ठेवला. "हे संडास. कडीवालं." बाया हसल्या, पदर तोंडाला लावून. पण ठोकळा कुणी हलवला नाही. पोरांनी फोटो काढले. वरून, बाजूनं, हातांचे जवळून.

समोसे दिले. चहा दिला. बाया गेल्या. जाताना सवयीनं दोघीतिघींनी कप गोळा केले, एकीनं झाडू शोधला. त्याचाही फोटो निघाला.

मग मॅडम म्हणाल्या, "मावशी, ठोकळे भरून ठेवा डब्यात. उद्या पहिल्या वर्षाला लागतील." मी नळ उचलला. सावली उचलली. संडास उचलला. डब्यात टाकला.

त्या खोलीच्या पलीकडच्या खोलीत एक मोठं मॉडेल होतं, पांढऱ्या कापडाखाली. महिनाभर तिथंच होतं. त्याला हात लावायचा नाही, कापडावरूनही झटकायचं नाही, अशी ताकीद होती. त्या संध्याकाळी पोरांनीच कापड काढलं, काही डकवायला. मी केर काढता काढता पाहिलं.

आमचाच चौक होता. वळण ओळखलं, पानठेला ओळखला. मध्ये झाडं, गोल ओटे, सायकली. इवलाली कागदी माणसं, पाठीवर बॅगा लावलेली. आणि आमची जागा कोरी. मोकळी. नाल्याच्या पलीकडं, जिथं कचऱ्याच्या गाड्या रिकाम्या होतात तिथं, एक पत्र्याची शेड. तिच्यावर पाटी: श्रमिक केंद्र. आत बाकं. संडासाला कडीसुद्धा असेल कदाचित.

ठोकळे मांडायच्या महिनाभर आधी हे बनलं होतं.

मी मॅडमना विचारायला गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना काही विचारलं असेन. पदर बोटाला गुंडाळत होते. "मॅडम, तिकडं ठेकेदार येत नाहीत. तिकडं कुणी येत नाही. बायांना काम कोण देणार?"

मॅडम रागावल्या नाहीत. मला वाटत होतं, त्यांना माहीत नसेल. मी सांगितलं की कळेल, मग बदलतील. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "माहीत आहे मला."

मी बोटावरचा पदर सोडला.

"मावशी, वरच्या लोकांना चौक मोकळा हवाच आहे. आपण नाही केलं तर ते गाडी लावून उचलतील. आपण केलं तर निदान बाकं मिळतील. आणि बाया राजी आहेत हे दिसलं पाहिजे. ज्युरीला त्यांचेच साहेब येतायत. तुम्ही उभं राहून एवढंच म्हणायचं: हे आम्ही सगळ्या बायांनी मिळून ठरवलं." मग आवाज खाली आणला. "तुमचं कायम करायचं बोलतेय मी ऑफिसात. मुलीला इथे आणायचंय ना तुम्हाला?"

आणायचं होतं. पोरगी सहावीला गेली होती. रोज फोनवर तेच विचारायची.

मी हो म्हणाले.

*

एवढं एक वाक्य. घरी म्हणायचे, भांडी घासताना म्हणायचे. हे आम्ही सगळ्या बायांनी मिळून ठरवलं. मॅडमच्या समोर उभी राहिले की वाक्य अडायचं. "हे आम्ही" म्हणायचे आणि पुढं हवा. तीनचारदा तालीम झाली. एक पोरगा म्हणाला, "मॅम, हे नाही होऊन राहिलं."

तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मग सानिका बोलेल. तिनं मावशींना इतकं आत्मसात केलंय. भूमिका म्हणून करेल." आणि मला म्हणाल्या, "तुमची एक साडी आणा. आणि तो पुरुषाचा शर्ट. ठिय्यावर घालायच्या ना तुम्ही."

मी माझी चांगली साडी नेली. आईनं दिलेली, हिरवी, काठाची. धुऊन, उशाखाली घडी घालून. मॅडमनी उलगडून पाहिली. "ही नको हो. ही फार नवी दिसते. रोजची आणा. विटलेली. काठ फाटला असेल तर उत्तम."

मी काठ फाटलेली नेली. नवऱ्याचा शर्ट नेला. सानिकानं वास घेऊन पाहिला आणि म्हणाली, "धुतलाय ना?"

त्या रात्री शाळा आठवली. सहावीत तपासणी आली होती. गुरुजींनी आदल्या दिवशीच ठरवलं होतं कोण कुठं बसणार. आमच्या वस्तीतल्या आम्हा चौघींना पाण्याच्या टाकीमागं बसवलं. आवाज करायचा नाही. साहेबांनी हजेरी घेतली. माझं नाव पुकारलं. टाकीमागून मला स्पष्ट ऐकू आलं. आणि आत पाटलाची पोरगी उभी राहिली आणि म्हणाली, "हजर." मग तिनं माझ्या नावानं धडा वाचला. साहेब म्हणाले, "छान." मला छान म्हणाले. मी टाकीमागं, चिखलात. मला खरंच वाटलं, आपल्याला छान म्हणाले. मी खूश झाले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेले नाही. कुणी विचारायलाही आलं नाही. माझं नाव तिथं व्यवस्थित चाललं होतं.

*

ज्युरीच्या दिवशी सभागृहात गालिचा. मी सकाळी लवकर येऊन झाडला. मागच्या रांगेत पंचफुलाबाई आणि दोघी बाया. "लोक" म्हणून त्यांना बोलावलं होतं. मी त्यांच्या बाजूला, भिंतीशी उभी. कोट घालून.

साहेब आले. दुसऱ्या कॉलेजांचे सर आले. वकिलीच्या सरांनी विचारलं, संमती कशी घेतली? मॅडमनी पडद्यावर फोटो दाखवला. बायांचे हात, रंगीत ठोकळे. सर म्हणाले, वा. इंजिनिअरिंगच्या सरांनी विचारलं, पाणी कुठं जाणार? पोरांनी दाखवलं. ते म्हणाले, वा. धोरणवाल्या बाई म्हणाल्या, इतक्या शाखा एकत्र येऊन, लोकांना सोबत घेऊन काम झालंय, हे फार दुर्मीळ आहे. सगळ्यांनी एकमेकांना वा म्हटलं. भिंती खरोखर पडल्या होत्या. आणि मलबा मागच्या रांगेत बसला होता.

मग सानिका आली. माझी साडी. वर नवऱ्याचा शर्ट. डोक्यावर टॉवेल. पाय ओढत. मी शिकवला तस्सा. खांदा अगदी खाली.

"मी ठिय्यावरची बाई," ती म्हणाली. "आम्ही सगळ्या बायांनी मिळून ठरवलं..."

पंचफुलाबाईनं मान वळवली. आधी त्या साडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. हळू म्हणाली, पण सभागृह शांत होतं.

"थे तुही साडी होय ना वं?"

"हो."

"अन् शर्ट तुह्या नवऱ्याचा."

"हो."

"मंग तू कोन होय?"

 तोंडात एक चव आली, टाकीमागच्या चिखलाची. समोर मी उभी होते आणि बोलत होते. आणि मी भिंतीशी होते. तिथं पुन्हा कुणीतरी माझ्या नावानं हजर म्हणत होतं.

"थांबा," मी म्हणाले.

सगळी डोकी वळली. मॅडम हसल्या. गोड. मला आजही ते हसू दिसतं. "मावशी, जरा चहाचं बघता का? साहेबांना उशीर होतोय."

आणि मी वळले.

खरंच वळले. पाय आपोआप चहाच्या खोलीकडं निघाले. ओढत. दोन पावलं टाकली असतील. मागून पंचफुलाबाईचा आवाज आला, चौकात देते तसला खणखणीत. "च्या मंग पाह्य वं! पयले बोल!"

मी थांबले. परत फिरले. या वेळी वाक्य माझं होतं, पाठ केलेलं नव्हतं.

"साडी माझी आहे. तोंड तिचं आहे. आम्ही काही ठरवलं नाही. आम्ही जे मांडलं होतं ते तुमच्या डब्यात आहे. तुमचं त्याच्या महिनाभर आधी ठरलं होतं."

 मग काय झालं असेल? साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

साहेब म्हणाले, "ब्युटिफुल. हाच खरा लोकसहभाग. असा आवाज उठला पाहिजे." सरांनी टाळ्या वाजवल्या. धोरणवाल्या बाईंचे डोळे भरले. एका पोरानं मोबाईल वर धरला. मॅडमसुद्धा टाळ्या वाजवत होत्या, आणि माझ्याकडं बघत नव्हत्या. साहेब म्हणाले, "हे अहवालात घ्या. मग पुढे?" आणि सानिकाला खूण केली, चालू ठेव.

त्यांनी माझं नाहीसुद्धा गिळलं. एका घोटात. ढेकरही दिला नाही.

तेव्हा मला भीती वाटेनाशी झाली. आता जाण्यासारखं काय राहिलं होतं? मी गालिच्यावरून चालत पुढं गेले. पाय लपवला नाही. ओढला तसा ओढू दिला. सानिकाच्या समोर उभी राहिले.

"माझी साडी दे."

"मावशी, प्लीज, एक मिनिट..."

"आत्ता. इथं."

ती मॅडमकडं बघायला लागली. मॅडम गालिच्याकडं. आता कुणी टाळी वाजवली नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. साडीच्या खाली तिची जीन्स होती, वर टीशर्ट. नुसती गुंडाळली होती माझी साडी, पिना लावून. तिनं शर्ट काढला. पिना काढल्या. साडी सोडली. माझ्या हातात ढीग दिला. आणि मग समोर एक जीन्समधली पोरगी उरली, सरळ पाठीची, दोन्ही पाय धड. तिच्या तोंडातून आता "आम्ही बाया" निघणं शक्य नव्हतं. तिनं प्रयत्न पण केला नाही. ती रडायला लागली. तिला पाणी द्यायला तिघंजण धावले.

मी तिथंच उभी राहून साडीची घडी घातली. सावकाश. काठाला काठ लावून, फाटक्या बाजूला फाटकी. शर्टाची बटणं लावली. निळा कोट काढून टेबलावर, मॉडेलच्या बाजूला ठेवला.  आम्ही चौघी बाहेर पडलो. चपला दाराबाहेर होत्या.

बाहेर आल्यावर पंचफुलाबाई म्हणाली, "च्या तं राह्यलाच वं."

*

सुपरवायझरचा फोन आला, उद्यापासून येऊ नका. मॅडमचा मेसेज आला: "मावशी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मी तुमच्यासाठी किती केलं." वाचून मी रडले. खरं होतं ते. केलं होतं. पंखा आठवला. कडी आठवली. उत्तर दिलं नाही. सावली दिलीत म्हणून माझं तोंड तुमचं होत नाही, हे लिहायचं होतं. लिहिलं नाही. ते त्यांना इथं वाचू दे.

आता मी पुन्हा ठिय्यावर आहे. नवऱ्याचा शर्ट पुन्हा माझ्याच अंगावर. पाणी पीत नाही सकाळपासून. काम अजून सुरू नाही, पण महिन्याभरानं चौकात मोठी पाटी लागली. तिच्यावर फोटो: आमचे हात, रंगीत ठोकळे. खाली: नागरिकांच्या सहभागातून. पंचफुलाबाईनं आपला हात ओळखला, बांगड्यांवरून. थुंकली नाही, शिवी दिली नाही. पानठेल्यावरून चुना आणला आणि भर चौकात, दिवसा, सगळ्यांसमोर पाटीवरच्या आपल्या हातावर फासला. मग मी बाकीच्या बायांच्या हातांवर फासला. पाटी आहे. तिच्यावर आमचे हात नाहीत.

पोरगी गावाकडंच राहिली. येणं आता लांबलं. फोनवर तिला मी एवढंच सांगितलं. शाळेत तपासणी आली आणि तुझं नाव पुकारलं, तर तूच उठायचं. टाकीमागं बसवलं असलं तर टाकीमागून ओरडायचं. आणि आत दुसरी कुणी उठली तर तिला खाली बसवायचं. नाव कापलं तरी चालेल. दुसऱ्याच्या तोंडात जाऊ द्यायचं नाही.

मागच्या आठवड्यात नवी पोरं आली. नवे बूट, पिवळ्या चिठ्ठ्या, नवी समानुभूती. एक पोरगी गोड हसून म्हणाली, "मावशी, आम्हाला तुमचं मत हवंय."

बाया काही बोलल्या नाहीत. आमचं ठरलं आहे, खरंच ठरलं आहे, या चौकात, उभ्या उभ्या. मी पुढं झाले.

"मॉडेल तयार आहे का?" मी विचारलं.

ती गोंधळली. मागं बघायला लागली.

"असेल तर इथं आणा. कापड काढून, या रस्त्यावर ठेवा. तुमच्या मॅडमना इथं उन्हात उभं करा. मग विचारा. तोवर इथली एकही बाई तोंड उघडणार नाही, फोटोला हात देणार नाही, तुमचा चहा पिणार नाही. आणि वरच्यांना सांगा. हाकलायचं तर गाडी लावून हाकला. पोलीस आणा. आम्ही बघू. आमच्या तोंडानं आम्हाला हाकलू नका."

पोरगी चिठ्ठी काढून काहीतरी लिहायला लागली.

मी तिचा हात धरला. चिठ्ठी काढून घेतली. चुरगळली.

"लिहू नको. ऐक."